वाऱ्याच्या दोन फायली

कळवणारी: हेमलता खवणेकर,
मुक्काम सर्जेकोट, तालुका मालवण.
मच्छीमार सोसायटीचं ऑफिस बर्फाच्या कारखान्यावर आहे,
त्यामुळे टेबल दिवसभर थरथरतं.
दोषाशी याचा संबंध नसावा,
पण तुम्ही म्हटलंय, यंत्राभोवतीची परिस्थिती लिहा.

बाबल सारंग पहाटे फोनवर वारा सांगतात,
मी टाइप करते. सात वर्षं झाली.
फाईलचं नाव वाऱ्याच्या_नोंदी.
परवा यासीन होडेकरनं त्याच्या मोबाइलवरची प्रत
वायर लावून त्याच फोल्डरमध्ये टाकली.
नाव तेच. जुनीवर बसायला हवी होती,
ती शेजारी जाऊन बसली.

आता काळ्या पडद्यावर दोन ओळी,
काना, मात्रा, खालची रेघ, सगळं एक.
मी यासीनची काढायला सांगितली
आणि माझी गेली.
आज्ञा काहीच बोलली नाही,
नुसती खाली सरकली.
तिच्यात याचा अर्थ 'झालं' असा होतो.

जुनी आवृत्ती परत आणली
(ते तुमचं काम चोख आहे, आभार),
पुन्हा सांगितलं, पुन्हा माझीच गेली.
तीनदा.
यासीन म्हणाला, ताई, तू माझी फाईल काढूच शकत नाहीस.
हसत होता, पण बरोबर होता.

आधी तुमची ही आज्ञावली मराठी नावं आकड्यांत दाखवायची.
मी चिडून ती सवय बंद केली होती, दोन वर्षांपूर्वी.
त्या रात्री परत चालू केली.
माझ्या नावात: ३४० २४४ २६१.
त्याच्यात: ३४० २४४ २६०, आणि मग ३४० २४४ २७४.
म्हणजे माझा ऱ अख्खा जन्मलेला,
त्याचा, र आणि खाली ठिपका, असा जोडलेला.
आणि 'वाऱ्या'त तो ठिपका दिसतच नाही,
पुढच्या य ला नुसती पापणी उरते.
माझ्या बोटांना त्याचा ऱ येत नाही,
त्याच्या अंगठ्याला माझा.

काय अपेक्षित होतं?
निदान विचारावं. कोणती, एवढंच.
गावात दोन विठोबा कुबल आहेत,
पोस्टमनसुद्धा दारात थांबून विचारतो,
डोळ्याचा की इंजिनचा.

तुमचं उत्तर सकाळी आलं.
तुमच्याकडे तेव्हा मध्यरात्र असावी.
तुम्ही लिहिलंय: दोन्ही शब्द मोठे करून पाहिले,
मला फरक दिसत नाही.
मलाही नाही.
बसून शाळा शिकले तरी नाही.
तुम्ही विचारलंत, शब्दाचा अर्थ काय.
मी लिहिलं, 'वाऱ्याच्या' म्हणजे वाऱ्याच्याच,
आणि ते पाठवून झाल्यावर
ह्यातून त्यांना काय कळणार, असं वाटून लाजले.

तात्पुरता उपाय म्हणून तुम्ही सुचवलंत,
फाईलला रोमन अक्षरांत नाव द्या.
हे बाबल सारंगांना सांगितलं.
ते जाळ्याची गाठ दातात धरून होते,
गाठ सोडल्यावर म्हणाले,
तुका सोपा पडात तर दी गो.
माका काय, मी खंय वाचतंय.

नाही दिलं.
का, ते रकान्यात मावेना,
'तीव्रता' समोर मी 'मध्यम' निवडलं.

पुन्हा घडवून पाहायचं असेल तर:
एका माणसाला संगणकावर 'वाऱ्या' लिहायला सांगा,
दुसऱ्याला मोबाइलवर.
एकमेकांकडे बघू देऊ नका.
बघितलं तरी चालेल म्हणा.

दुरुस्ती कधी येईल ते तुम्ही सांगितलेलं नाही.
आज पावणेपाचला फोन आला,
मतलई पडली, बोटी दांड्याजवळ थांबल्यात.
मी ते एकीत लिहिलं.
मग दुसरीत.